गोलातली बाई

“घाबरून रुग्णालयाकडे धाव घेऊ नका, घरीच थांबा आणि मदतक्रमांकावर फोन करा,” असं आरोग्य संचालक म्हणाले, आणि तिचा उजवा हात कानापाशी जाऊन तिथंच थांबला. अंगठा कानाकडे, करंगळी तोंडाकडे, मधली तीन बोटं मिटलेली. फोनची खूण. शेंबड्या पोरालाही करता येते अशी. गेले सत्तर दिवस जवळजवळ रोज दुपारी चार वाजता ती ही खूण करत आली होती, एकेका वार्ताहर बैठकीत पाच-पाच, सहा-सहा वेळा, आणि आज तो हात तिला आपला वाटेना. गालाला अंगठ्याचं नख लागत होतं एवढंच कळत होतं. समोरच्या दिव्याच्या उजेडात धूळ वर चढत होती. संचालक पुढच्या वाक्यावर गेले, त्याच्याही पुढच्या वाक्यावर गेले. मग कुणीतरी कोपराला धक्का दिल्यासारखा हात खाली आला, आणि तिनं घाईघाईनं मागची दोन वाक्यं एकात कोंबून पुढची गाठली. तीन सेकंद गेले असतील, फार तर चार. बैठक संपल्यावर कॅमेरावाला तारा गुंडाळता गुंडाळता म्हणाला, “बाई, मधे मला वाटलं चित्रच अडकलं.” ती हसली. पारदर्शक मास्कच्या आत तिच्याच हसण्याची वाफ जमली.

बातम्यांच्या पडद्यावर उजवीकडे खाली कोपऱ्यात जो छोटा गोल असतो, त्यात कमरेपासून वर दिसणारी बाई म्हणजे ती. बोलणाऱ्याचं बोलणं खुणांच्या भाषेत करून बहिऱ्यांना सांगायचं, हे तिचं काम. त्या सरकारी इमारतीत तिला नावानं कुणी ओळखत नसे. “गोलातल्या बाई आल्या का?” असंच विचारायचे, आणि दारावरचा पहारेकरीही तिचा फोन काढून घेऊन लाकडी पेटीत ठेवताना चिठ्ठीवर ‘गोल’ असं लिहायचा. आत फोन न्यायला बंदी होती. कुणी काही आधीच बाहेर फोडू नये म्हणून. या नियमाचं तिला पहिल्यांदा हसू आलं होतं. फोडण्यासारखं काय असतं इथं, रोज तेच तर सांगतात. नंतर हसू गेलं. आता संध्याकाळी पेटीतून फोन परत घेतल्यावर तो चालू करण्याआधी ती जिन्याच्या कठड्याला धरून उभी राही.

आजही उभी राहिली. आईचा एक निरोप होता, दुसरं काही नव्हतं. तो न उघडता तिनं फोन पर्समध्ये टाकला आणि चालू लागली. बस बंद होत्या, अर्ध्या तासाची वाट. दुकानांच्या लोखंडी पडद्यांवरून तिची सावली मोडत-जोडत चालली होती. औषधाच्या दुकानासमोर चुन्याचे गोल आखलेले, आणि एकेका गोलात एकेक माणूस, पुढच्याच्या पाठीकडे बघत. तिला वाटलं, आपणच तेवढ्या गोलात नाही. मग हा विचार तिला शहाणपणाचा वाटून राग आला. शहाणपणाची ही वेळ नव्हे. हात थांबला होता. तीस वर्षांत तो कधी थांबला नव्हता. आणि तो का थांबला हे तिला नेमकं माहीत होतं. माहीत नसतं तर बरं झालं असतं.

तिचे आई-वडील दोघंही जन्मापासून बहिरे. ती ऐकणारी, एकुलती एक. बोलायला शिकायच्या आधी तिचे हात बोलत होते, आणि सातव्या वर्षापासून ती घरातल्यांचंच नव्हे, आजूबाजूच्या सगळ्या बहिऱ्यांचं तोंड झाली होती. घरमालक, पोस्टमन, शाळेतल्या बाई, वीज तोडायला आलेला माणूस, सगळ्यांशी बोलायला तीच. मोठी माणसं तिच्याकडे बघून बोलत आणि आई-वडील तिच्या हातांकडे बघून ऐकत, आणि मधे ती फ्रॉकचा बंद चावत उभी. ती अकरा वर्षांची असताना डॉक्टरांनी चष्मा काढून तिला सांगितलं, “बाबांना सांग, यकृत पूर्ण खराब झालंय. चार महिने, फार तर पाच. काही निरवानिरव करायची असेल तर करून घ्या म्हणावं.” बाबा तिच्याकडे बघत होते. पायांत वहाणा, मांडीवर पिशवी, चेहऱ्यावर तेच नेहमीचं, लेकीच्या हुशारीचं कौतुक. आणि तिचे हात म्हणाले, “बरे व्हाल. वेळ लागेल. औषध चुकवायचं नाही.” डॉक्टरांनी मान हलवली, बाबांनीही मान हलवली, आणि चार महिन्यांनी बाबा गेले तेव्हा ते काहीही न आवरता गेले, आईला काहीही न सांगता गेले, शेवटच्या आठवड्यातही औषधाच्या वेळा भिंतीवर खडूनं लिहीत गेले. आईला खरं कळलं ते फार पुढे. आई रागावली नाही. पण त्या दिवसापासून मुलीनं स्वतःशी एक गाठ मारून घेतली. जे बोललं जाईल तेच हातातून जाईल. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. गोड करायचं नाही, कडू करायचं नाही. पुढे तिनं याचंच रीतसर शिक्षण घेतलं, तेव्हा तिथल्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं की दुभाष्याला मत नसतं. वर्गातल्या बाकीच्यांनी ते वहीत लिहून घेतलं, तिनं नाही. तिला लिहायची गरज नव्हती.

आणि या गाठीनंच काकांचा जीव घेतला, असं आता मनात आलं की ती चालण्याचा वेग वाढवायची.

घड्याळवाले काका तिच्या वडिलांचे मित्र. नात्याचे नव्हेत, पण काका म्हणायला नातं लागत नाही. एका मोठ्या दुकानात मागच्या बाजूला पडद्याआड बसून ते घड्याळं दुरुस्त करायचे. टिकटिक ऐकू येत नसे, म्हणून घड्याळ दातांत धरायचे. दातांना कळायचं चालतंय की नाही, एवढंच नव्हे, लंगडतंय का ते पण. रविवारी सगळे बहिरे त्यांच्या खोलीत जमायचे आणि इतक्या गप्पा व्हायच्या की वाऱ्यानं दिवा फडफडायचा, असं काका सांगायचे. त्यांना ऐकणाऱ्यांच्या भाषेतली गंमत फार आवडायची. ती शाळेतून वाक्प्रचार शिकून यायची आणि काका म्हणायचे, दाखव. हात दाखवून अवलक्षण, हातावर तुरी देणे, हातपाय गाळणे. “ऐकणाऱ्यांना हातांचं काय काम? तोंडं आहेत ना त्यांना?” असं म्हणून काका पोट धरून हसायचे. काकू कधी हसायच्या नाहीत. त्या तिला जवळ घेऊन तिची वेणी घालायच्या, म्हणजे मग कुणालाच बोलता यायचं नाही, वेणी घालणारीचे हात गुंतलेले असायचे.

त्या दिवशी, त्याला आज बारावा दिवस, काकांना दुपारी धाप लागली. साथ आल्यापासून नियम असा होता की रुग्णालयाच्या दारात थेट जायचं नाही. सुरुवातीला दारांशी चेंगराचेंगरी झाली होती, म्हणून तो केला होता. करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. आधी मदतक्रमांकावर फोन करायचा, तिथली मुलगी प्रश्न विचारणार, मग परवानगीचा आकडा देणार, आणि तो आकडा असेल तरच गाडी येणार आणि फाटक उघडणार. फोन. नुसता फोन. निरोप लिहून पाठवायची सोय नाही, चित्र पाठवायची सोय नाही, प्रत्यक्ष जाऊन नाव लिहायची सोय नाही. हे तिच्या पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं होतं. तिनं अर्ज केला होता. अर्जाला पोच मिळाली होती. महिन्यानं दुसरा केला, त्यालाही पोच मिळाली. आणि रोज चार वाजता ती अंगठा कानाला आणि करंगळी तोंडाला लावून सगळ्या बहिऱ्यांना सांगत होती, फोन करा.

काकूंचे अकरा निरोप होते. पहिला चारला दहा कमी असताना: “काकांना धाप लागते. ये.” दुसरा: “ओठ निळे दिसतात.” फोन पहारेकऱ्याच्या पेटीत होता. आणि काकूंच्या समोर टीव्हीत ती होती, स्वच्छ उजेडात, केस नीट बांधलेले. त्यांना ती दिसत होती आणि त्या तिला हाका मारत होत्या. शेजाऱ्यांचं दार त्यांनी वाजवलं होतं. शेजारी दाराच्या आतून काहीतरी बोलले असणार, काकूंना ते कसं कळावं, आणि दार उघडलं नाही, कारण दार उघडू नका असंही ती रोज सांगतच होती. अकरावा निरोप पाच वाजून दोन मिनिटांचा: “तू सारखी म्हणतेस फोन करा. कोणाला करू? कसा करू?”

सव्वापाचला फोन हातात आल्यावर तिनं रस्त्यातच मदतक्रमांक लावला. गाणं लागलं. मधे मधे एक गोड आवाज सांगत होता की आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. दीड तास. ती काकूंच्या इमारतीखाली पोचली होती तेव्हा मुलगी मिळाली, बोलून बोलून घसा बसलेली.

“रुग्णाशी बोलायला द्या.”

“त्यांना ऐकू येत नाही. मी सांगते सगळं.”

“तुम्ही रुग्णाजवळ आहात का?”

“खाली आहे. जिन्यात.”

“मग घरातल्या कुणाला तरी द्या, मॅडम.”

“त्यांनाही ऐकू येत नाही. अहो, दोघंही बहिरे आहेत.”

पलीकडे कळफलकाचा आवाज. मग, “मॅडम, असं भरायला इथं जागाच नाहीये. एक मिनिट हं, वरिष्ठांना विचारते.” आणि पुन्हा गाणं. ते गाणं कानाला लावून ती तीन जिने चढली. दार उघडंच होतं. काकू काकांच्या पाठीला आपली पाठ लावून बसल्या होत्या, त्यांना बसतं ठेवायला, म्हणून त्यांना काकांचा चेहरा दिसत नव्हता. तिला दिसला. फोनमधली मुलगी परत आली आणि म्हणाली, “हॅलो, हो, झालंय मॅडम, आकडा लिहून घ्या,” आणि तिनं तो लिहून घेतला. उंबऱ्याबाहेरूनच, दाराला टांगलेल्या दिनदर्शिकेवर. सहा आकडी.

काकूंना त्यानंतर घरातच बंद केलं, दोन आठवडे. तिनं दार ओलांडलं नव्हतं, म्हणून चाचणीनंतर दोनच दिवसांनी तिला कामावर बोलावलं. दुसरं कुणी नव्हतं. आणि काल, अकराव्या दिवशी, ती काकूंच्या खिडकीखाली जाऊन उभी राहिली. बहिऱ्यांचं एक बरं असतं, तीन मजल्यांचं अंतर त्यांना अंतर वाटत नाही. रस्ता रिकामा होता. काकू खिडकीत आल्या, जाळी सरकवली. खाल्लं का, नाही, खायला हवं, हो, असं झालं. मग काकूंनी हात चौकटीवरून उचलले.

“तू सांगितलंस, घरी थांबा,” काकू म्हणाल्या. “आम्ही थांबलो.”

“मी नाही, काकू. साहेब सांगतात. मी फक्त...”

“साहेबांचं तोंड हलतं. मला काय कळतं त्यातलं? मी तुझे हात पाहिले. तुझे काका म्हणाले, जाऊ या, रुग्णालय जवळ आहे, चालत जाऊ. मी म्हटलं, नको. पोरगी म्हणते थांबा, तर थांबू. आपली पोरगी आहे, ती आपल्याला वाईट सांगणार नाही.”

एक सायकलवाला मधून गेला, दोघींकडे बघत, हे काय हातवारे चाललेत म्हणून. काकूंनी तो जाईपर्यंत वाट बघितली आणि मग जाळी ओढून घेतली. रागानं नाही, हळू, जाळी खालच्या खाचेत अडकायची म्हणून जपून.

चालत चालत ती घरी पोचली तेव्हा आई दारातच उभी होती. आईनं तिला हात धुवायलाही वेळ दिला नाही. “हात का थांबला?”

“थकवा.”

“माझ्याशी खोटं बोलू नकोस. खोटं बोलताना तुझा डावा खांदा वर जातो, लहानपणापासून.” आई सत्तरीची, कृश, पण हात अजून चाबकासारखे चालायचे. “सगळ्यांचे निरोप आले मला. काय झालं, टीव्ही बिघडला का, पोरगी आजारी आहे का. कुणाला काही कळलं नाही. हे असं अर्धवट थांबायचं नाही. सांगायचं तर सांग, नसेल सांगायचं तर गप्प तुझं काम कर. आम्ही कशाला ताटकळायचं?”

“आई, मला माझं काही सांगायची परवानगी नाही.”

आईनं तिच्याकडे असं बघितलं, जसं बाबांचं खरं कळल्यावर एकदा बघितलं होतं. मग ती चहा ठेवायला आत गेली. स्वयंपाकघरातून भांड्यांचा फार मोठा आवाज येत राहिला; आईला तो कधी कळलाच नव्हता, आणि आज त्या आवाजात इतकी वर्षं साठलेलं काहीतरी होतं असं तिला वाटत राहिलं, कदाचित नसेलही.

दुसऱ्या दिवशी ती तासभर आधी गेली आणि संचालकांच्या खोलीबाहेर उभी राहिली. माणूस वाईट नव्हता. मूळचे मुलांचे डॉक्टर. चार महिन्यांत वीस वर्षांनी म्हातारे झालेले, डोळ्यांखाली काळं. टेबलावर अर्धवट प्यालेल्या चहाचे तीन पेले. तिला बघून त्यांनी कागद पुढे सरकवला, आज काय काय सांगायचं आहे ते. अवघड शब्द आधी कळावेत म्हणून ते रोज तिला दाखवत. तिनं वाचलं. मदतक्रमांकावर येणारे फोन दोन आठवड्यांत निम्म्यावर आले आहेत. यावरून साथ ओसरत असल्याचे स्पष्ट होते. सबब उद्यापासून दोन तात्पुरती उपचार केंद्रे बंद करण्यात येत आहेत.

“साहेब, फोन कमी झाले, कारण लागत नाहीत. दीड-दीड तास लागत नाही. लोकांनी नाद सोडला.”

“असेल.”

“असेल काय, आहे. आणि आमच्या लोकांनी तर एकही फोन केला नाही. म्हणजे तुमच्या हिशेबात बहिरा माणूस आजारी पडलेलाच नाही.”

संचालकांनी डोळे चोळले. “बाई, ‘कंटाळून सोडलं’ हे मला मोजता येत नाही. ‘फोन आले नाहीत’ हे मोजता येतं. मी वर सांगितलं होतं, चुकीचा अर्थ लावताय म्हणून. वरून हाच कागद परत आला, खाली सही करून. तुमचा अर्ज मी स्वतः पुढे पाठवलाय.”

“दोन पाठवलेत.”

“दोन्ही पाठवलेत.” आणि मग, “किती असतील हो तुमचे लोक?”

त्यांनी ते दुखवायला विचारलं नव्हतं. खरंच विचारलं होतं, पेन हातात घेऊन. आणि तिला आकडा माहीत नव्हता, कुणालाच माहीत नव्हता, कधी कुणी मोजलंच नव्हतं. ती म्हणाली, “काल होते त्याच्यापेक्षा कमी.” आणि बाहेर आली.

चार वाजता दिवे लागले. तिच्या पायांखाली चिकटपट्टीची खूण होती, तिनं टाचा तिच्यावर जुळवल्या. संचालक वाचू लागले आणि तिचे हात चालू लागले, सुरळीत, आदल्या दिवशी काही झालंच नव्हतं असे. फोन निम्म्यावर. साथ ओसरते आहे. दोन केंद्रं बंद. घरीच थांबा. हात सांगत होते आणि ती आपल्याच हातांच्या मागे कुठेतरी उभी राहून बघत होती. अकरा वर्षांची मुलगी डॉक्टरांच्या खोलीत उभी होती, तिनं शब्द बदलले आणि एक माणूस फसला. आणि ही एवढी मोठी बाई, हिनं शब्द बदलले नाहीत आणि एक माणूस फसला. मग खरं कशात आहे? हातात नाही, शब्दात नाही. बाबा मांडीवर पिशवी घेऊन तिच्याकडे बघत होते. काकू टीव्हीसमोर बसल्या असतील, किंवा नसतील, त्यांनी टीव्ही पुन्हा लावलाच नसेल. वार्ताहरांचे प्रश्न सुरू झाले. एकानं विचारलं, “म्हणजे सरकारनं आता हात वर केले, असं समजायचं का?” तिनं तेही खुणांत सांगितलं. संचालक उत्तर शोधत कागद चाळू लागले. उत्तर सापडायला वेळ लागत होता. खोलीत कुणीच बोलत नव्हतं, आणि कुणी बोलत नसताना दुभाष्याचे हात पोटाशी जुळलेले असायला हवेत.

ते जुळले नाहीत. तिनं आधी तळहात कॅमेऱ्याकडे करून सगळं पुसून टाकल्यासारखं केलं, आणि मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. मी. साहेब नाही, मी बोलते. फोन करू नका, तिथं तुमच्यासाठी कुणी नाही. धाप लागली तर घरी थांबू नका. रुग्णालयात जा. मोठ्या अक्षरात कागदावर लिहा, मला ऐकू येत नाही, मला श्वास घेता येत नाही. कागद धरून फाटकात बसा. हाकललं तरी उठू नका. मला निरोप पाठवा, मी तुमच्यासाठी फोन करीन. आणि तिनं बोटांनी स्वतःचा नंबर दिला, एकेक आकडा सावकाश, दोनदा. घड्याळवाले काका गेले, ती म्हणाली. मी थांबा म्हटलं म्हणून गेले. आता म्हणत नाही. मग तिनं हात पोटाशी घेतले. संचालकांना उत्तर सापडलं होतं, ते बोलू लागले, आणि तिनं तेही नीट खुणांत सांगितलं, शेवटच्या शब्दापर्यंत. कॅमेरावाल्यानं अंगठा वर करून दाखवला. आज चित्र अडकलं नव्हतं.

खोलीतल्या एकालाही काही कळलं नाही. पेटीतून फोन घेतला तेव्हा तो नुसता थरथरत होता, थांबतच नव्हता.

दोन दिवस तसेच गेले. ती कामावर जात होती, परत येऊन फोन लावत होती. तिसऱ्या दिवशी बहिऱ्यांच्या शाळेतल्या एका उत्साही मास्तरांनी ती चित्रफीत खाली अक्षरं घालून सगळीकडे पाठवली, कौतुकानंच, आणि ऐकणाऱ्या जगाला कळलं. संचालकांचा फोन आला. “बाई, तुम्ही काय केलंत हे?” एवढंच ते पहिल्यांदा म्हणाले. आवाजात राग कमी आणि दमलेपण जास्त होतं. “आता माझ्या हातात काही राहिलं नाही.” चौथ्या दिवशी पडद्यावर गोल नव्हता. खाली एक ओळ सरकत होती, तांत्रिक कारणामुळे. आईनं टीव्ही बंद करून त्याच्यावर टॉवेल घातला.

मग नऊ दिवस ती दुसरं काहीच करत नव्हती. फोन कानाला, ते गाणं, गोड आवाज, गाणं. झोपेतही तिच्या डोक्यात ते गाणं चालू राही आणि ती उजव्या कुशीवर वळायची, कान उशीत खुपसून. निरोप येत होते ते नुसत्या शहरातून नव्हे, कुठून कुठून. काही जणांना लिहिता येत नव्हतं, ते स्वतःची चित्रफीत पाठवायचे, धापा टाकत, एका हातानं फोन धरलेला, म्हणून अर्धीच वाक्यं. पाचव्या दिवशी घंटीऐवजी लावलेला दारावरचा दिवा लागला आणि बाहेर काकू उभ्या होत्या. दोन आठवडे संपले होते. त्या आत आल्या, आईशी काही बोलल्या नाहीत, तिच्याशीही नाही. टेबलाशी बसल्या आणि तिनं कागदांवर उतरवलेले निरोप वाचू लागल्या. ज्याचे ओठ निळे, तो कागद वर. ज्याला नुसता ताप, तो खाली. काकूंना ते कळत होतं. संध्याकाळपर्यंत त्यांनी एकशे चार जणांचे कागद लावून दिले आणि मग, जाताना, दारात, तिच्या सुटलेल्या केसांना एकदा हात लावला. त्या नऊ दिवसांत, ज्यांना रुग्णालयात न्यावंच लागणार होतं त्यांतल्या एकतीस जणांना जागा मिळाली. चौघांना मिळाली नाही. फाटकात कागद धरून बसलेल्यांपैकी सहा जणांना आत घेतलं. एकाला पोलिसांनी उचलून घरी नेऊन सोडलं, आणि तो पुन्हा येऊन बसला.

त्या बैठकीपासून विसाव्या दिवशी लिहून निरोप पाठवायचा मदतक्रमांक सुरू झाला. तो जाहीर करताना सांगितलं गेलं की याची योजना पहिल्यापासूनच होती. बंद केलेल्या दोन केंद्रांपैकी एक गाजावाजा न करता पुन्हा उघडलं. आणि तिला चौकशीची नोटीस आली.

चौकशीची खोली लांबट होती, खिडक्या सताड उघड्या, तिघं सदस्य एकमेकांपासून दूर दूर बसलेले. कोपऱ्यात एक टंकलेखक बाई. अध्यक्ष बोलले ते सभ्यपणे. आरोप एकच होता, अधिकृत निवेदनात स्वतःचे शब्द घातले. अडचण अशी होती की त्या चित्रफितीखालची अक्षरं एका शाळामास्तरानं घातलेली, ती दप्तरात ग्राह्य धरता येत नव्हती, आणि सरकारकडे दुसरा दुभाषी नव्हता.

“तेव्हा तुम्हीच सांगायचं आहे, त्यात काय म्हटलंय ते,” अध्यक्ष म्हणाले. “शब्दशः. कमी नाही, जास्त नाही.”

“मला दुसरं येतही नाही,” ती म्हणाली.

भिंतीवर ती दिसू लागली. स्वतःला इतकं मोठं तिनं कधी पाहिलं नव्हतं. भिंतीवरच्या बाईनं छातीवर बोट ठेवलं आणि खोलीतली बाई मोठ्यानं म्हणाली, “मी. साहेब नाही, मी बोलते.” टंकलेखक बाईंची बोटं चालू लागली. फोन करू नका, तिथं तुमच्यासाठी कुणी नाही. तिचा आवाज तिला अनोळखी वाटत होता. आयुष्यभर तो दुसऱ्यांचं बोलत आला होता. तिन्ही सदस्य भिंतीकडे न बघता तिच्याकडे बघत होते. दोन अर्जांत जे होतं आणि जे कुठे उतरलं नाही, ते आता एकेक अक्षर कागदावर उतरत होतं, सरकारच्याच कागदावर, सरकारच्याच आज्ञेवरून. “घड्याळवाले काका गेले,” ती म्हणाली.

“थांबा,” टंकलेखक बाई म्हणाल्या. “मयताचं पूर्ण नाव लागेल. ‘काका’ असं लिहिता येणार नाही.”

तिनं तोंड उघडलं. आणि तिच्या लक्षात आलं की तिला नाव माहीत नाही. बहिऱ्यांची एकमेकांसाठी खूण असते. काकांची खूण होती मनगट दातांशी नेऊन हलकेच चावायचं. चाळीस वर्षं तिनं त्यांना त्याच नावानं हाक मारली होती. दुकानाच्या पाटीवर मालकाचं नाव होतं. मृत्यूचे कागद काकांच्या पुतण्यानं केले होते. मदतक्रमांकावरच्या मुलीनंही नाव विचारलं नव्हतं, आकडाच दिला होता. तिचं मनगट आपोआप दातांशी गेलं. सदस्य चमकून एकमेकांकडे बघू लागले.

“माहीत नाही,” ती म्हणाली. “विचारते. मला फोन द्या.”

चौकशीच्या खोलीत फोनला बंदी होती. अध्यक्षांनी क्षणभर छताकडे बघितलं आणि मग पहारेकऱ्याला खूण केली. तिनं काकूंना लिहिलं. तिघं सदस्य, टंकलेखक बाई, दारातला पहारेकरी, सगळे तिच्या हातातल्या फोनकडे बघत होते. वाऱ्यानं टेबलावरचा एक कागद उडाला, तो कुणी उचलला नाही. मग फोन थरथरला.

तीन शब्द होते. तिनं ते आधी मनात वाचले. साधं नाव होतं, जुन्या वळणाचं, मधलं नाव वडिलांचं. मग तिनं ते मोठ्यानं म्हटलं, आणि टंकलेखक बाई म्हणाल्या, “सावकाश,” म्हणून पुन्हा म्हटलं, एकेक अक्षर सुटं करून.